पावसाळ्यात घाट आणि पूल ओलांडताना : गाडी कशी चालवावी, डोकं शांत कसं ठेवावं

बेळगाव : जुलै लागला की बातमीदाराच्या फोनवर एकच प्रश्न येतो. ‘चोर्ला सुरू आहे काय हो?’ सकाळी गोव्याला ड्युटीवर जाणारे विचारतात, भाजी भरून रात्री निघणारे पिकअपवाले विचारतात, लग्नाच्या बोलणीला सावंतवाडीला निघालेले पाहुणे विचारतात. रस्ता सुरू आहे की बंद, हे आम्ही सांगतो. पण ‘सुरू आहे’ म्हणजे ‘सुखरूप जाल’ असं नसतं, आणि हा दुसरा भाग बातमीत बसत नाही. तो या लेखात एकत्र मांडला आहे. कात्रण म्हणून ठेवा, घरातल्या गाडी चालवणाऱ्या पोराला वाचायला द्या.

आधीच एक गोष्ट सांगतो. घाटात धुकं उतरल्यावर किंवा पुलावर पाणी दिसल्यावर माणूस शांत राहतो की नाही, हे बरंचसं घरातून निघतानाच ठरलेलं असतं. हातात वेळ असला, पुढच्या गाडीपासून अंतर असलं आणि ‘परत फिरलो तरी चालेल’ असं मनात ठरलेलं असलं, तर डोकं जागेवर राहतं. या तिन्हीतलं काहीच नसलं की चांगला चालवणारासुद्धा चुकतो.

आपले रस्ते आणि त्यांचा पावसाळी स्वभाव

बेळगावातून कोकणात आणि गोव्यात उतरायला मुख्य वाटा तीन. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट, जो पुढे केरी-साखळीकडे उतरतो. खानापूर, लोंढा, रामनगरवरून अनमोड घाट, जो मोल्याला उतरतो. आणि वेंगुर्ला रोडनं शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड तालुक्यातून आंबोली घाट, जो सावंतवाडीला जातो. याशिवाय चंदगड भागातून दोडामार्गला उतरणारा तिलारीचा रामघाट आहे. तो अरुंद, तीव्र उताराचा आणि नवख्या माणसानं पावसात टाळावा असाच.

या वाटांवर फसगत होते ती पावसाच्या फरकामुळं. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात त्याच्या पाचवा-सहावा हिस्साच. त्यामुळं टिळकवाडीत गॅलरीत उभं राहून आभाळ बघायचं आणि ‘काय नाही, बुरंगाट आहे’ म्हणून निघायचं, हा अंदाज कणकुंबीपर्यंतसुद्धा टिकत नाही. दीड तासाच्या प्रवासात तुम्ही दुसऱ्याच पावसात जाता.

उत्तरेकडं, पुणे-बेंगळुरू महामार्गावर (पूर्वीचा चार नंबरचा, आताचा ४८), प्रश्न वेगळा. तिथं अडचण घाटांपेक्षा नद्यांची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनं तेच केलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. महामार्गाचं हे, मग आतल्या रस्त्यांचं काय सांगायचं? चिकोडी-निपाणी तालुक्यांतले कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी यांसारखे कमी उंचीचे पूल आणि बंधारे दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. गोकाककडं लोळसूरचा पूल घटप्रभेच्या पाण्यावर अवलंबून.

इथली फसगत आणखी वेगळी. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या नद्यांचं पाणी आपल्या डोक्यावर पडत नाही, पश्चिमेला सह्याद्रीत पडतं. तिकडं धरणं भरली की विसर्ग सुरू होतो. राधानगरीचे दरवाजे तर पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप उघडतात. म्हणून निपाणीत कडक ऊन असतं आणि पुलावर पाणी चढत असतं. सकाळी ज्या पुलावरून गेलात तो संध्याकाळी परत येताना असेलच असं नाही. नदीकाठच्या माणसाला हे ठाऊक असतं, बाहेरून आलेल्याला नसतं. शंका आली की गुगल मॅपपेक्षा पुलाजवळच्या टपरीवर विचारा. ‘पाणी वाढायलंय काय ओसरायलंय?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

निघण्याआधी : रंग, आकडे आणि गाडी

हवामान खात्याचे चार रंग आता सगळ्यांच्या तोंडी झालेत, पण अर्थ पुष्कळांना नक्की माहीत नसतो. हिरवा म्हणजे विशेष काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की खातं त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. आपल्यासाठी साधा नियम असा : पिवळ्यात उजेडात जा, ऑरेंजमध्ये गरज असेल तरच जा, लाल असेल तर घाट आणि नदीकाठ दोन्ही सोडा.

मात्र एक ध्यानात ठेवा. इशारा जिल्ह्याचा असतो आणि आपल्या एका प्रवासात जिल्हे, राज्यंसुद्धा बदलतात. बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाताना बेळगाव, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग असे तीन जिल्हे लागतात. निघताना तिन्हीचा इशारा बघायला पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि विजेसाठी पुण्याच्या संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ही दोन अॅप फोनमध्ये असू द्या. फुकट आहेत.

गाडीचं म्हणाल तर पावसाळ्याआधी चार गोष्टी बघायच्या : टायर, वायपर, ब्रेक, लाईट. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर कायद्यानंही बाद आणि पावसातही. नक्षीचं काम पाणी बाजूला फेकायचं असतं. ती झिजली की टायर पाण्यावर तरंगतो. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, ते दरवर्षी बदलावं. चार हजाराचा मोबाईल कव्हरसकट जपणारा माणूस वायपर बदलायला कंटाळतो, हे मी रोज बघतो.

गाडीत ठेवायच्या वस्तू : टॉर्च, दोर, पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं किंवा शेंगदाणे, एक टॉवेल, जुनी चादर, चार्ज केलेली पॉवर बँक, घरातल्या माणसाची रोजची औषधं. टाकी अर्ध्याच्या खाली घेऊन घाटात शिरू नये. दरड पडली की चार-पाच तास जागेवरून हलता येत नाही.

ओल्या रस्त्यावर गाडी कशी वागते

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशोब मांडून बघतो. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पळते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तिथंच संपले. पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला वीसेक मीटर लागतात, ओल्यावर साधारण दुप्पट. बेरीज झाली ६५ मीटरच्या आसपास. तीच गाडी ४० च्या वेगात असेल तर ओल्या रस्त्यावरसुद्धा ३५ मीटरच्या आसपास थांबते.

आता दुसरी बाजू. तीस किलोमीटरचा पट्टा ६० नं अर्ध्या तासात होतो आणि ४० नं पाऊण तासात. फरक पंधरा मिनिटांचा. म्हणजे पंधरा मिनिटं देऊन तुम्ही तीस मीटर विकत घेता. घाटाच्या वळणावर तीस मीटर म्हणजे कठडा आणि दरी यांच्यातलं अंतर. याहून स्वस्त सौदा मी तरी बघितला नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, सेकंदात येतं. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की मोजायला लागा. कोरड्यात तीन सेकंदांनी आपण तिथं पोचावं, पावसात पाच-सहा सेकंदांनी.

पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास जास्त निसरडा असतो, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ तेवढ्यात धुऊन जात नाही. जुलैत आणखी एक गोष्ट असते. चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावर लाल चिखल पाडत जातात. खानापूर आणि चंदगडकडं तो थर दिसला की वेग आधी कमी करा, चिखलात गेल्यावर ब्रेक दाबू नका.

साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं वाटलं तर टायर रस्ता सोडून पाण्यावर चढले असं समजा. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. वेग उतरला की टायर परत रस्त्याला टेकतात. एबीएस असलेल्या गाडीत अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवते, ती बिघाड नाही. एबीएस नसेल तर दाबा-सोडा, दाबा-सोडा.

घाटात

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. ते पेट्रोल वाचत नाही, ब्रेक तेवढे तापतात. जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे : जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक ऐनवेळेसाठी शिल्लक राहतो.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि त्याला कारणही आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला की ओल्या रस्त्यावर परत उचलणं कठीण जातं.

धुक्यात अप्पर लाईट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. लाईट डिप्परवरच ठेवा. फॉग लॅम्प असतील तर लावा. डाव्या कडेची पांढरी पट्टी बघत चला, पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत नको. तो ट्रक कडेला थांबलेला असला तर तुम्ही त्याच्यामागं सरळ जाऊन आदळता. चारही इंडिकेटर लावून चालवायची सवय आपल्याकडं फार झाली आहे. चारही इंडिकेटर म्हणजे ‘मी थांबलोय’. चालत्या गाडीला ते लावले की मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय, काहीच कळत नाही.

काच आतून धुरकट झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा आणि हवा बाहेरून येऊ द्या. एसी नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली करा. चालवता चालवता हातानं काच पुसणं म्हणजे तेवढा वेळ एका हाताची गाडी.

दरडीची चाहूल लागते, बघणारा पाहिजे. कडेच्या पाण्याचा रंग एकदम लाल-गढूळ झाला, बारीक खडे रस्त्यावर घरंगळायला लागले, झाडं वाकडी झालेली दिसली, तर डोंगराच्या बाजूला थांबू नका. धबधब्याखाली गाडी लावून फोटो काढणाऱ्यांना हे दरवर्षी सांगावं लागतं. रविवारी आंबोलीत निम्मी कोंडी त्यांचीच असते. दरीच्या बाजूचा रस्ता खचलेला असू शकतो. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचून अवजड वाहनं बंद करावी लागली होती. भर पावसात साईडपट्टीवर चाक घालायचं नाही.

एक छोटी गोष्ट सीमाभागातल्या वाचकांसाठी. कर्नाटक हद्दीत पुष्कळ फलक फक्त कन्नडमध्ये असतात. ‘एच्चरिके’ म्हणजे सावधान, ‘निधान’ म्हणजे सावकाश, ‘सेतुवे’ म्हणजे पूल. ‘रस्ते बंद’ तर आपल्यालाही कळतं. कुणी ‘नीरु हेच्चागिदे’ म्हणालं तर पाणी वाढलंय असा अर्थ. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना निघण्याआधी एवढं सांगून ठेवा.

पुलावर पाणी असेल तर

याचं उत्तर एका शब्दात आहे : थांबा. का, ते समजून घ्या.

साधारण छोट्या कारचा तळ रस्त्यापासून वीतभर उंच असतो. पाणी तळाला लागलं की त्यापुढचं प्रत्येक दहा सेंटीमीटर पाणी गाडीला पाचशे-सहाशे किलोनं वर उचलतं. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. म्हणजे तळाच्या वर वीतभर पाणी आलं की गाडी तरंगायला लागते, आणि तरंगणाऱ्या गाडीला ब्रेक नसतो, स्टिअरिंग नसतं. ३० सेंटीमीटर वाहतं पाणी छोटी कार नेऊ शकतं, ६० सेंटीमीटर पाणी मोठ्या गाड्यासुद्धा नेतं. चालत जाणाऱ्याला तर जोराचं १५ सेंटीमीटर पाणीही पाडतं. वर गढूळ पाण्याखाली पूल आहे की नाही, कठडा गेला की राहिला, हे कुणालाच दिसत नाही.

माझंच सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे फोटो काढायला मोटारसायकलवरून निपाणी भागात गेलो होतो. एका बंधाऱ्यावर अर्ध्या चाकाला पाणी होतं. माझ्या पुढं एकजण गेला. मागं दोघं-तिघं हॉर्न वाजवत होते. मी गाडी घातली. मधोमध गेल्यावर इंजिन बंद पडलं आणि पाण्याचा दाब पायाला लागला. पलीकडच्या गावातली दोन पोरं धावत आली, एकानं मला धरलं, दुसऱ्यानं गाडी. ‘मामा, फोटो काढायला आलाय की फोटो व्हायला?’ एकानं विचारलं. तेव्हा मी पण हसलो. रात्री घरी जेवायला बसलो आणि हात कापायला लागले.

नंतर विचार केला तेव्हा कळलं, मी पाण्याचा अंदाज घेऊन गेलोच नव्हतो. पुढचा गेला आणि मागचे हॉर्न वाजवतायत म्हणून गेलो होतो. ही चूक बहुतेक सगळ्यांची असते. पुढचा गेला याचा अर्थ तो गेला एवढाच. तुमची गाडी, तुमचं वजन आणि दोन मिनिटांनंतरचं पाणी वेगळं असतं. मागून हॉर्न वाजला तर बाजूला घ्या, त्याला जायचं असेल तर जाऊ दे.

शहरात साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जावंच लागलं तर खोली दिसत असेल तरच जा. पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. पलीकडं गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून तो सुकवून घ्या. गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. हवेच्या वाटेनं इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग आतले रॉड वाकतात. ढकलून बाहेर काढा आणि टो करून गॅरेजला न्या.

गाडी वाहायला लागलीच तर क्रम लक्षात ठेवा : सीटबेल्ट, काच, मुलं, बाहेर. दार उघडायच्या नादाला लागू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ते उघडत नाही. पहिल्याच मिनिटात बाजूची काच खाली करा. पुढची काच फोडू नका, ती तशी फुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घाला.

दुचाकीवाल्यांसाठी

आपल्याकडं घाटात निम्म्याहून जास्त माणसं दोन चाकांवर दिसतात, म्हणून हे वेगळं लिहितो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या, लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्याची पट्टी आणि शेण यांवर ओल्यात ब्रेक मारू नका, गाडी तिरपी करू नका. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू. मागं बसलेल्या माणसानं छत्री उघडायची नाही. वारा छत्रीत भरला की तोल जातो. झुलणारा रेनकोट, पदर, ओढणी चाकापासून लांब, आवळून. हेल्मेटची काच धुकट होत असेल तर थांबून पुसा, वर करून चालवू नका. थेंब डोळ्यात खड्यासारखा लागतो.

विजा चमकायला लागल्या तर दुचाकीवर राहू नका आणि एकट्या झाडाखालीही उभं राहू नका. पक्कं घर गाठा. कारवाल्यांनी काचा लावून आतच बसावं, दरवाजाच्या लोखंडाला हात टेकू नये.

डोकं शांत कसं ठेवायचं

भीती वाटणं चूक नाही. घाटात ज्याला भीती वाटत नाही त्याच्या गाडीत मी बसत नाही. पण भीती वाढली की तीन गोष्टी होतात : हात स्टिअरिंग आवळतात, नजर एकाच जागी खिळते आणि पाय जड होतो. त्या तिन्हीवर उपाय आहेत.

हात : खांदे खाली सोडा, जबडा सैल करा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. असे पाच-सहा श्वास घेतले की पकड आपोआप सैल होते. श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ दिला की छातीची धडधड उतरते, हे डॉक्टरही सांगतात.

नजर : जिथं जायचं तिकडं बघा. खड्ड्याकडं बघत राहिलं की गाडी खड्ड्यात जाते. दिसतंय ते तोंडानं बोला. ‘डावीकडं वळण, समोर ट्रक, वेग कमी.’ वेड्यासारखं वाटेल, पण बोलणाऱ्या माणसाचं डोकं भरकटत नाही.

पाय : पटत नसेल तर थांबा. पण वळणावर नाही, डोंगराच्या कडेला नाही, झाडाखाली नाही. हॉटेल, नाका, गाव, पंप असा उजेड असलेल्या जागी थांबा.

गाडीतल्या बाकीच्यांचंही काम असतं. एकानंच बोलावं. ‘हळू की’, ‘अगं बाई’, ‘बघ बघ ट्रक’ असं चौघांनी ओरडलं तर चालवणारा कुणाचं ऐकणार? रेडिओ बंद. फोन शेजारच्याकडं. आणि घरच्यांनी दर दहा मिनिटांनी ‘कुठं पोचलास?’ म्हणून फोन करू नये. निघतानाच ठरवा : जांबोटी, कणकुंबी, साखळी या तीन ठिकाणांहून मेसेज येईल. मध्ये रेंज जाते, तेव्हा फोन लागला नाही म्हणून घाबरायचं नाही.

निघतानाच परत फिरायच्या जागाही ठरवा. ‘कणकुंबीला समोरचं पन्नास मीटर दिसलं नाही तर परत.’ हे घरात ठरलं की घाटात वाद होत नाही आणि कमीपणाही वाटत नाही.

सगळ्यांत कठीण असतं ते घाईचं कारण खरं असताना थांबणं. काही वर्षांपूर्वी सावंतवाडीला माझी आत्या अत्यवस्थ होती. संध्याकाळी फोन आला आणि मी तसाच निघालो. आंबोलीला पोचेपर्यंत रात्र झाली, बॉनेटच्या पुढचं दिसेना. आत्येभावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘दादा, सकाळी ये. घाटात तुला काय झालं तर आम्ही कुणाकुणाला बघायचं?’ मी तिथंच एका हॉटेलात बाकड्यावर रात्र काढली. आत्या पहाटे गेली. मी नऊ वाजता पोचलो. ती भेट राहिली ती राहिलीच, अजून मनाला लागते. पण त्या सकाळी तिला खांदा द्यायला मी होतो. घाटात उतरलो असतो तर काय झालं असतं, सांगता येत नाही. ज्याच्या घरी अशी वेळ आली आहे त्याला ‘लवकर ये’ म्हणू नका, ‘सावकाश ये’ म्हणा. चालवणाऱ्याच्या डोक्यावरचं निम्मं ओझं त्या एका शब्दानं उतरतं.

अडकलात तर

तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. सीमेवर आपला फोन कुठल्या राज्याच्या टॉवरवर आहे याचा नेम नसतो. म्हणून फोन लागल्यावर आधी राज्य आणि तालुका सांगा, मग घाट, मग जवळचं गाव किंवा किलोमीटरचा दगड, मग किती माणसं आणि काय झालं. ‘आम्ही चोर्ल्यात आहोत’ एवढ्यावर कुणाला पाठवायचं ते समोरच्याला कळत नाही.

दरड पडून रांग लागली तर रांग सोडून पुढं घुसू नका, नाहीतर जेसीबीला वाट राहत नाही. इंजिन बंद ठेवा. चालू ठेवावंच लागलं तर सायलेन्सरसमोर चिखल-पाणी नाही ना ते बघा आणि काच थोडी उघडी ठेवा. धूर आत साचून माणूस झोपेतच जाऊ शकतो. अपघात दिसला तर मदत करायला कचरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे, नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही.

विम्याचा हिशोब

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात स्वतःच्या गाडीचं झालेलं नुकसान मिळत नाही. पूर, वादळ, वीज, दरड यांचं नुकसान ‘ओन डॅमेज’ असलेल्या विम्यात येतं. पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन गेलं, तर साध्या विम्यात तो खर्च बहुधा नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड वेगळी घ्यावी लागते, ‘झिरो डेप’मध्ये ती आपोआप येत नाही. पॉलिसी मे महिन्यातच वाचून ठेवा. गाडी पाण्यात असताना पाण्याच्या पातळीसह फोटो काढा, कंपनीला कळवा आणि मगच टो करा.

आता शेवटचा हिशोब. परत फिरलं तर काय जातं? एक खाडा, एका रात्रीचं भाडं, लॉजची खोली, फार तर पाहुण्यांचा रुसवा. भाजीची खेप चुकलेल्या पिकअपवाल्याचं नुकसान खरं असतं, मी ते नाकारत नाही. पण ते पुढच्या चार खेपांत भरून निघतं.

तेव्हा ‘चोर्ला सुरू आहे काय हो?’ म्हणून जरूर फोन करा, आम्ही सांगू. मात्र फोन करतानाच ‘बंद असला तर काय करायचं’ तेही घरात ठरवून ठेवा. आणि वाटेत पटलं नाही तर गाडी वळवा. कणकुंबीला चहा चांगला मिळतो. तो घ्या, घरी फोन लावा आणि सांगा, ‘आज येत नाही, उद्या येतो की.’